लग्नातला केक चौविहार असणाऱ्यांनाही मिळावा



आपल्या लग्नांत आता केक आलाच आहे. माझा त्याला विरोध नाही. पण केक पाहुण्यांसाठी असेल, तर तो प्रत्येकीला निःशंक मनाने खाता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

पहिली गोष्ट वेळेची. रात्री ९ वाजता केक कापला की चौविहार असलेल्या सासूबाई, मावशी, आत्याबाई नुसत्या बघत बसतात. त्या बोलून दाखवत नाहीत, पण यजमानांना कळायला हवं. काष्टीकडे डिसेंबरात ६ च्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात ७ च्या. म्हणून हिवाळ्यात साडेचारला, उन्हाळ्यात साडेपाचला केक कापा आणि ही वेळ पत्रिकेतच छापा. मुलं म्हणतील, रोषणाईत फोटो चांगले येतात. पण ज्यांचे आशीर्वाद घ्यायचे, त्यांनाच वगळून कसला आनंद?

दुसरी गोष्ट शंकेची. ‘एगलेस’ ऐकलं की आपण निर्धास्त होतो. पण मूस, जेली, मार्शमॅलो यांत जिलेटिन असू शकतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून काढतात. ऑर्डर देतानाच बेकरीवाल्याला हे विचारा, सामानाच्या पाकिटांवरचा हिरवा ठिपका बघा. केकजवळ पाटी लावा : अंडं नाही, जिलेटिन नाही, मध नाही. म्हणजे कुणाला चारचौघांत विचारावं लागणार नाही.

तिसरी गोष्ट वाढण्याची. १ किलोचे ५० ग्रॅमचे २० तुकडे होतात, म्हणजे ३०० पाहुण्यांना १५ किलो लागतो. स्टेजवरचा केक लहान ठेवा. बाकीचा साधा, कमी क्रीमचा केक आत कापून घ्या आणि वाढप्यांकडून जागेवर द्या. तुकडा लहान असला की टाकला जात नाही. उष्ट्यात जीव उत्पन्न होतात म्हणून ताट धुऊन पिणारी आपली माणसं. आपल्या मांडवामागे क्रीमने माखलेल्या डिशांचा ढीग शोभत नाही. एकमेकांच्या तोंडाला केक फासणं तर बंदच करा.

आणि काष्टीत लग्न शनिवारी असेल, तर केक सकाळी लवकर आणून फ्रिजमध्ये ठेवा. जनावरांच्या बाजाराच्या गर्दीत गाडी अडकली, तर उन्हात क्रीम टिकत नाही.