पुलाचे बळ पाण्याखाली

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुराच्या लोंढ्यात वाहून गेला. त्यासोबत एसटीच्या दोन बसगाड्यांतील प्रवासीही गेले. पुढे अवघ्या १६५ दिवसांत नवा पूल उभारला गेला व जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ही गती अभिनंदनीयच. परंतु पुलांविषयीची आपली सारी चर्चा गती, लांबी आणि उंची यांपाशीच का थांबते?

नदीवरील पूल कोसळण्याचे एक प्रमुख कारण डोळ्यांना दिसत नाही. पुराचे पाणी खांबाला अडून भोवऱ्यासारखे तळाकडे वळते व पायालगतची वाळू खरवडून नेते. पूर ओसरताना त्या खड्ड्यात सैल गाळ भरतो. वरून पाहणाऱ्यास सारे पूर्ववत भासते. पायाचा आधार मात्र क्षीण झालेला असतो.

यावर आपल्याकडील जुना उपाय म्हणजे विहिरीचा पाया. आतील माती काढत पोकळ विहीर स्वतःच्याच भाराने खोल उतरवायची. (यमुनाकाठचा ताजमहालही विहिरींवरच उभा आहे.) तळ किती खरवडला जाईल, याचे गणित जेराल्ड लेसी यांनी भारतातील कालव्यांच्या अभ्यासातून मांडले. आपले अभियंते आजही त्याचाच आधार घेतात, खांबापाशी सरासरीच्या दुप्पट खोली धरतात आणि पाया त्याहूनही खाली नेतात. आता तर जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या पाइलमधील पोकळीही ध्वनिलहरींनी शोधता येते.

म्हणजे शास्त्र उणे नाही. आराखड्यात गृहीत धरलेला नदीचा तळ पुढे राखायचा कोणी, हा खरा प्रश्न आहे. २०२४ च्या जून-जुलैत बिहारमध्ये दहाहून अधिक पूल कोसळले. काही ठिकाणी गाळ काढताना खांबांलगतच खोदकाम झाले होते. अभियंते निलंबित झाले. पूर टळावा म्हणून केलेल्या कामानेच पुलांचा पाया उघडा पाडावा, याला काय म्हणावे? आणि आपल्याकडे पुलांच्या आसपास रात्री चालणारा वाळूउपसा याहून वेगळे काय करतो?

पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रत्येक मोठ्या पुलाखालील तळाची खोली मोजून ती मूळ नकाशाशी ताडून पाहिली पाहिजे, आणि ते आकडे तहसील कार्यालयात लावले पाहिजेत. प्रत्येक खांबावर मूळ तळाची खूणही ठळक रंगवावी. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडल्यावर त्या खुणेखाली किती खांब उघडा पडला आहे, हे गावातील शाळकरी मुलगाही सांगू शकेल.