फाट्यावरची दोन वर्षे

पुणे-सातारा महामार्गावर नसरापूरहून वेल्ह्याकडे वळले की वाटेत मार्गासनी लागते. येथून एक रस्ता वेल्ह्याला जातो, दुसरा साखरमार्गे गुंजवण्याला, राजगडाच्या पायथ्याशी. कारकिर्दीच्या वाटेवरही असा फाटा येतो.

आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आज पेढीवर न बसता कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात नोकरी करतात. चार-पाच वर्षांनी वरिष्ठ सुचवतात, ‘दोन वर्षे विक्रीत किंवा कारखान्यावर जा.’ घरी मात्र शंका उपस्थित होते: एवढे शिकून आता दुकानोदुकानी फिरायचे? ही पदावनती तर नव्हे?

वास्तविक ही रीत आपल्या गादीला नवी नाही. मुलगा आधी तराजूपाशी उभा राहतो, मग गोदाम पाहतो, वसुलीला जातो आणि नंतर गादीवर बसतो. स्वराज्यातही हेच सूत्र होते. अष्टप्रधानांपैकी न्यायाधीश व पंडितराव वगळता इतरांनी प्रसंगी लष्करी मोहिमेवर जावे, असा दंडक होता. पेशवे मोरोपंत पिंगळे १६७२ मध्ये साल्हेरच्या लढाईत उतरले होते.

मनुष्यबळ विभागात नियम कळतात, परंतु त्या नियमांचे ओझे कोण वाहतो हे बाहेर पडल्याविना कळत नाही. आषाढात वेल्हे-भोर भागात भातलावणी सुरू झाली की कारखान्यात कामाला जाणारा माणूस चार दिवस घरी राहतो. कार्यालयातील तक्त्यात ती केवळ गैरहजेरी असते. पाळी सांभाळणारा पर्यवेक्षक मात्र ती आधीच गृहीत धरून माणसांची जुळवणी करतो. बँकेतही तसेच. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. एकाची रजा मंजूर करण्यापूर्वी त्याची किल्ली कोण घेणार हे ठरवावे लागते. शाखेत बसलेल्या अधिकाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

कोल्हापुरात वाढलेल्या लीना नायर यांनी सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियांत्रिकी व जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमधून व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले. १९९२ मध्ये त्या हिंदुस्थान लिव्हरमध्ये रुजू झाल्या आणि प्रारंभीच्या काळात कोलकाता, अंबत्तूर व तळोजा येथील कारखान्यांत त्यांनी काम केले. २०१६ मध्ये त्या युनिलिव्हरच्या जागतिक मनुष्यबळ प्रमुख, तर जानेवारी २०२२ मध्ये शनेल या फ्रेंच उद्योगसमूहाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. जनरल मोटर्सच्या मेरी बारा यांनी उलट वाट धरली. मूळच्या अभियंता असूनही २००९ मध्ये त्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख झाल्या, २०११ मध्ये उत्पादन-विकासाकडे वळल्या आणि २०१४ मध्ये कंपनीच्या सर्वोच्च पदी पोहोचल्या.

अर्थात, प्रत्येक बदली ही संधी नसते. नकोशा माणसाला दूर सारण्यासाठीही हाच मार्ग वापरला जातो. म्हणून व्यापाऱ्याच्या सावधपणाने चार गोष्टी लेखी घ्याव्यात: मुदत किती, वेतन व श्रेणी तीच राहणार का, कामाचे मूल्यमापन कोण करणार आणि परतल्यावर कोणते पद मिळणार. अठरा ते चोवीस महिन्यांची मुदत पुरेशी असते. त्याहून कमी काळात कामाचे एक पूर्ण वर्षही हाताखालून जात नाही, आणि अधिक काळ गेला की मूळ विभागात आपली जागा भरली जाते. मधल्या काळात कामगार कायद्यांतील बदल वाचत राहावे आणि जुन्या सहकाऱ्यांशी संबंध ठेवावा.

आणि जायचेच, तर पाहुण्यासारखे जाऊ नये. विक्रीचे उद्दिष्ट अंगावर घ्यावे, थकलेल्या वसुलीची जबाबदारी स्वीकारावी. नफा-तोट्याचा आकडा आपल्या नावावर लागल्याशिवाय त्या अनुभवाला बाजारात किंमत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. मुलीने किंवा सुनेने अशी जबाबदारी घेतली की प्रवासाची आणि अवेळी घरी येण्याची चर्चा आधी होते, कामाची नंतर. दोन वर्षांचा हा हिशेब मांडताना तिची अडचण कोण किती वाटून घेणार, हेही जमेच्या बाजूला लिहावे. भांडवल गुंतवल्याविना व्यापार वाढत नाही, आणि येथे गुंतवायचे भांडवल घरच्यांच्या वेळेचे आहे.