सिंधूने काय करावे?

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून मद्यपी पतीची पत्नी म्हटली की सिंधूच आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. मुकाट्याने सोसणारी, पतीचा दोष अखेरपर्यंत झाकणारी. प्रेक्षक डोळे पुसतात. परंतु तिच्या सोसण्याने सुधाकराचा प्याला सुटत नाही, हे गडकऱ्यांनी लपविलेले नाही. आमच्या सुशिक्षित घरांतून मात्र सुनांना अद्यापि सिंधूचाच पाठ दिला जातो.

कचेरीत ‘ताप आला आहे’ असा निरोप सुनेने धाडावयाचा, उधारी तिने बांगड्या मोडून फेडावयाची, आणि वर सासूबाईंनी म्हणावयाचे, “तुला सांभाळता आले असते तर तो बाहेर कशाला गेला असता?” अशाने कुळाची अब्रू राहते असे ज्यांस वाटते त्यांनी ध्यानी घ्यावे की, परिणाम झाकले गेले म्हणजे पिणाऱ्यास थांबावयास कारणच उरत नाही. हात उगारला जात असेल तर सोसण्याचा प्रश्नच नाही. तेथे वडीलधाऱ्यांनी सुनेच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. २००५ चा कायदाही तिच्या पाठीशी आहे.

देवापुढे शपथ घेववून दारू एकाएकी बंद करविणे हाही एक प्रकार. हेतू उत्तम, पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने अकस्मात सोडली तर काही तासांतच हात कापू लागतात, आणि दोनतीन दिवसांत झटके, भ्रम, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. याहून घातक म्हणजे डायसल्फिरामची गोळी आमटीत गुपचूप कालविणे. ती पोटात असता मद्य घेतल्यास रक्तदाब एकदम उतरून जीवावर बेतू शकते. ती द्यावयाची तर रुग्णास सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यास ‘मुक्तांगण’ स्थापिले. तेथे रुग्णांच्या पत्नींचा जो गट भरतो त्याचे नाव ‘सहचरी’. नाव मार्मिक आहे. ‘चर्’ म्हणजे चालणे. वाहून नेण्याचा ‘वह्’ धातू येथे योजिलेला नाही. (मास्तरकीची खोड, वाचकांनी क्षमा करावी.)

माझ्या परिचयाच्या एका घरी मुलगा उपचार घेऊन परतला, तेव्हा दीर-जावा त्याच्या तोंडाचा वास घेत, खिसे चाचपीत. सुनेने हा पहारा बंद करविला. सायंकाळची सहा ते आठ ही पूर्वीची पिण्याची वेळ. त्या वेळी दोघे फिरावयास जाऊ लागली. पगाराचे पैसे कोणाकडे असावेत हे त्यांनी उभयतांनी ठरविले. दर गुरुवारी ती स्वतः बायकांच्या गटात जाई. त्यावर घरात कुरकुर झालीच.

आठव्या महिन्यात एका लग्नात तो पुन्हा प्यायला. “सारे पाण्यात गेले,” असे मामंजी म्हणाले. तिने त्याच रात्री डॉक्टरांस दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी कचेरीत खोटा निरोप धाडला नाही. काय सांगावयाचे ते त्याचे त्यानेच सांगितले. पंधरवड्यात तो पुन्हा उभा राहिला.

त्या गोष्टीस आता दोन वर्षे होत आली. गुरुवारच्या पोळ्या सासूबाई लाटतात, आणि सून परत केव्हा येणार हे विचारीत नाहीत.