कलश वाचला, थडगे गेले

‘मोठ्या संग्रहालयांनी विकत घेतल्या म्हणूनच प्राचीन वस्तू वाचल्या’ हा युक्तिवाद आपल्यातील सुबुद्ध रसिकही निःशंकपणे करतात. युफ्रोनिऑसच्या पात्राची हकीकत त्यांनी एकदा मुळातून पाहावी.

इ.स.पू. ५१५च्या सुमारास अथेन्समध्ये युक्सिथिऑसने घडविलेले व युफ्रोनिऑसने चितारलेले हे मद्य आणि पाणी मिसळण्याचे पात्र. काळ्या पृष्ठभूमीवर तांबूस आकृती. निद्रा आणि मृत्यू हे पंखधारी बंधू रणात पडलेल्या सार्पिडॉनचा देह उचलीत आहेत. जखमांतून रक्त ओघळते आहे. मधोमध हर्मिस उभा आहे. निर्जीव हाताचे ओझे इतक्या मोजक्या रेषांत क्वचितच कोणी दाखविले असेल. म्हणून तर संताप येतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ साली ते सुमारे दहा लक्ष डॉलरला घेतले. बेरुतच्या एका संग्राहकाच्या घराण्यात ते अर्धशतक होते, असे सांगण्यात आले. वस्तुतः १९७१च्या अखेरीस चोरट्यांनी रोमजवळच्या चेर्वेतेरीत एक एट्रुस्कन थडगे फोडले होते, त्यातले ते. चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७०चाच! २००६ साली संग्रहालयाने पात्र इटलीला देण्याचे मान्य केले. २००८ मध्ये ते परतले.

मग ‘वाचविले’ ते कशापासून? जमिनीखाली ते दोन सहस्रकांहून अधिक काळ होतेच. त्याला भय होते ते कुदळीचे, आणि कुदळ चालते ती गिऱ्हाईक आहे म्हणून. त्या थडग्यात कोण निजले होते, पात्र कोठे ठेवले होते, शेजारी आणखी काय होते, हे त्या रात्री कोणी टिपून ठेवले नाही. अथेन्सच्या कारागिराचे मद्यपात्र परक्या मुलखातल्या मृताच्या सोबतीला कसे गेले, याचा तेवढाच एक साक्षीदार होता.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आठवा. वीतभर उंचीची. पण ती कोठे आणि कशाच्या सोबतीने मिळाली हे ठाऊक असल्यामुळेच दख्खन आणि रोम यांच्या व्यापाराविषयी ती बोलू शकते. बाजारातून आली असती, तर निव्वळ शोभेची वस्तू ठरली असती.

‘पात्र ग्रीक, मग इटलीला का?’ अशी एक शंका हटकून निघते. ते विकत घेऊन आपल्या मृतापाशी ठेवले एट्रुस्कनांनी. ग्रीसमध्ये ते फार तर काही वर्षे होते. पुढे ते चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात ठेवण्यात आले. कुंभाराचे आणि चित्रकाराचे नाव पात्रावर कोरडे स्पष्ट वाचता येते. ज्याच्यासाठी ते पुरले, त्याचे नाव मात्र तेथल्या कोणालाही सांगता येणार नाही.