कार्डावरची रेघ

बाळ गुटगुटीत दिसतंय, मग दर महिन्याला वजन कशाला, असं बऱ्याच घरांत विचारलं जातं. भगिनींनो, एका वजनावरून फारसं कळत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर नर्सताई महिन्या-महिन्याचे ठिपके जोडून जी रेघ काढतात, ती पाहा.

जन्माचं वजन साधारण ५-६ महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं. म्हणजे २.८ किलोचं बाळ पहिल्या वाढदिवशी साडेआठ किलोच्या आसपास भरावं. शेजारच्या बाळापेक्षा आपलं हलकं असलं, तरी रेघ नीट वर चढत असेल तर सहसा काळजी नसते. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर "दात येतायत" असं दादी म्हणाल्या तरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

६ महिने पूर्ण झाले की नुसतं दूध पुरत नाही. अंगावरच्या दुधासोबत तेल-तूप घातलेली मऊ, घट्ट खिचडी, कुस्करलेलं उकडलेलं अंडं सुरू करा.

वजनाइतकंच हेही बघा: ४ महिन्यांत मान धरणं, ९ महिन्यांत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षात चालणं. यातलं काही मागे पडलं, तर नर्सताईंना लगेच सांगा. वेळेवर कळलं, तर उपाय लवकर सुरू होतात.