लसीच्या दिवशी खाडा लावू नका

दसरा सरला की बीड, जालना, अहिल्यानगरच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी आणि आईच्या मांडीवर दीड-दोन महिन्यांचं बाळ. रोटाव्हायरसच्या जुलाबांचा जोरही आपल्याकडे याच थंडीत असतो. म्हणून हे आवाहन टोळ्या निघण्याआधी करत आहोत.

रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे देतात. २०१९ पासून महाराष्ट्रात ती सरकारी लसीकरणात मोफत आहे. पण भाद्रपदात जन्मलेल्या बाळाचे हे आठवडे नेमके फडावर येतात. गावात आशाताई नाव पुकारते तेव्हा बाळ कोल्हापूर-सांगलीकडे गेलेलं असतं आणि तिथल्या नर्सताईच्या यादीत त्याचं नावच नसतं.

‘एकदा जुलाब होऊन गेले, आता बाळ पक्कं झालं,’ असं धरून चालू नका. उसात ८६०३२ वेगळा आणि २६५ वेगळा, तसे या विषाणूचेही वाण आहेत. त्याच्या बाहेरच्या आवरणातल्या दोन प्रथिनांवरून ते ओळखतात. भारतात पूर्वी जी१पी८ हा वाण जास्त सापडायचा, अलीकडे जी३पी८ पुढे आला आहे. वेल्लोरच्या मुलांचा जन्मापासून केलेला अभ्यास सांगतो की आपल्याकडे लागण फार लवकर होते आणि पुन्हा पुन्हा होते. मग लस कुठल्या वाणाला पुरणार? आपल्याकडची एक लस दिल्लीत १९८०च्या दशकात एका नवजात बाळात सापडलेल्या विषाणूपासून बनली. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या बाळांवर तिची चाचणी झाली. लसीतला वाण एकच होता, तरी वेगवेगळ्या वाणांपासून संरक्षण मिळालं आणि पहिल्या वर्षात रोटाचे गंभीर जुलाब निम्म्याहून कमी झाले. पुण्यात बनणाऱ्या दुसऱ्या लसीत पाच वाण आहेत. लस घेतलेल्या बाळालाही जुलाब होऊ शकतात, हे लपवायचं कारण नाही. पण ज्या जुलाबांत बाळ हातचं जातं, ते टाळण्यासाठी तिन्ही डोस हवेत.

आईबापांनो, लसीचं कार्ड कोयत्याइतकंच जपून सोबत न्या. कारखान्याजवळच्या कुठल्याही उपकेंद्रात डोस मिळतो, त्यासाठी तिथलं रहिवासी असावं लागत नाही. पहिला डोस राहिला असेल, तर बाळ वर्षाचं होईपर्यंत सुरू करता येतो.

मुकादमांनो, तुम्हाला हात जोडून विनंती. लसीच्या दिवशी आईचा खाडा धरू नका. मजुरी कापली जाईल या धास्तीनं ती केंद्रावर जात नाही आणि बाळ आजारी पडलं तरी संध्याकाळपर्यंत वाट बघते. रोटाच्या उलट्या-जुलाबांत तान्ह्या बाळाच्या अंगातलं पाणी काही तासांत आटतं.

जुलाब लागले तर ‘दात येताहेत’ म्हणून थांबू नका. जलसंजीवनीचं मोठं पाकीट पुरतं एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला. पेल्यात चिमूटचिमूट टाकलं तर प्रमाण बिघडतं. उकळून गार केलेलं पाणी असेल तर उत्तम. चमच्यानं पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजा. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्या. अंगावरचं दूध तोडू नका. आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, त्यासाठी इंजेक्शनचा हट्ट धरू नका. टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, लघवी थांबली, बाळ मलूल झालं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर रात्र असली तरी १०८ला फोन करा.

कारखान्यांनी आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी टोळ्या उतरल्याच्या आठवड्यातच कोप्यांवर जाऊन वर्षाच्या आतल्या बाळांची यादी करावी आणि ती उपकेंद्राला द्यावी. लसीकरणाचं सत्र उपकेंद्राऐवजी थेट तळावर, फडाकडे निघण्याआधी पहाटे किंवा संध्याकाळी ठेवलं, तर कुणाची मजुरीही बुडणार नाही.