रोखे विकताना जोखीमही सांगा

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

12 नोव्हेंबर 2021 रोजी रिटेल डायरेक्ट योजना सुरू झाली आणि सरकारी रोखे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. दहा हजारांपासून, दलालाशिवाय, थेट. हे काम मोलाचे आहे. पण मी कर सल्लागार आहे. सल्ल्यासाठी येणाऱ्या निवृत्त मंडळींचा समज असा की सरकारी म्हणजे एफडीच. गरज पडली की मोडू.

रोखा मोडता येत नाही, विकावा लागतो, आणि तोही बाजारभावाने. चाळीस वर्षांचा, 7 टक्के व्याजाचा एक लाखाचा रोखा घ्या. लगेच बाजारातला दर 8 टक्क्यांवर गेला तर त्याचे साधारण 88 हजारच येतात. सरकारने एकही हप्ता चुकवला नाही, तरी बारा हजार गेले! मुदत संपेपर्यंत थांबा, हे पासष्टीच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय तोवर महागाईने त्या लाखाची किंमत कुठे नेऊन ठेवली असेल? सरकारच्याच 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाला दरवाढीचा हा धक्का जवळजवळ बसत नाही. सरकार तेच, जोखीम मात्र निराळी.

केंद्र सरकार रुपयातले कर्ज बुडवेल, अशी भीती मला घालायची नाही. तरीही शेजारच्या श्रीलंकेने 2022 मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवली, आणि पुढच्या वर्षी देशातल्या रोख्यांची फेररचना करताना बँकांना वगळून भार कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीवर टाकला, हे विसरता येत नाही.

सरकारसाठी कर्ज उभे करते ती तुमची बँक, आणि रेपो दर ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षही तुम्हीच. म्हणून सांगण्याची जबाबदारी तुमचीच. म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींत जोखमीचा इशारा सक्तीचा आहे. इथेही खरेदीचे बटण दाबण्याआधी, मराठीसह सर्व भारतीय भाषांत, त्याच रोख्याचा हिशेब दाखवा: दर एक टक्क्याने वाढला तर विकून हातात किती येतील, आणि गेल्या महिन्यात या रोख्याचे व्यवहार किती झाले.

ते पाहून काहीजण चाळीसऐवजी पाच वर्षांचा रोखा घेतील. घेऊ द्या. सरकारला लांब मुदतीचा पैसा हवा असतो, हे मला कळते. तो विमा कंपन्यांनी आणि पेन्शन फंडांनी द्यावा, त्यांची देणीही तितकीच लांबची असतात.

आपला नम्र,
एक कर सल्लागार